‘ते येतंच’

ऑगस्ट २०२२मध्ये ‘बिनयुटिल्स’ची २.३९ ही आवृत्ती बाहेर पडली. हे नाव सगळ्यांना माहीत असण्याचं कारण नाही. लिनक्सवर प्रोग्रॅम घडवताना पडद्यामागे राबणाऱ्या हत्यारांचा हा संच, आणि त्यातलं एक मुख्य हत्यार म्हणजे लिंकर. कंपायलर आपला प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनी यंत्राच्या भाषेत आणतो, लिंकर ते तुकडे जोडून एक चालणारी फाइल तयार करतो. या आवृत्तीपासून लिंकर एक जास्तीची वॉर्निंग देऊ लागला आणि वर्षानुवर्षं मुकाट बिल्ड होणारे प्रकल्प एकाएकी कुरकुरायला लागले. मजकूर साधारण असा : अमुक फाइलीत ‘.नोट.जीएनयू-स्टॅक’ हा सेक्शन नाही, अर्थात स्टॅक एक्झिक्युटेबल. आणि लगेच खाली : टीप – हे वर्तन आता त्याज्य ठरलं असून लिंकरच्या पुढच्या एखाद्या आवृत्तीत काढून टाकण्यात येईल.

माझं काम छोट्या बोर्डांवर लिनक्स उभं करायचं. दिवसाचा बराच भाग अशा लॉगांसमोर जातो, त्यामुळे स्टॅक, सेक्शन वगैरे मंडळी ओळखीची आहेत. पण आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलामुलींपैकी ज्यांनी ज्यांनी मला या ओळीबद्दल विचारलं, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : “हे ‘वर्तन’ म्हणजे कुणाचं?” प्रश्न बिनतोड आहे. माझ्या प्रोग्रॅमचं? त्या फाइलीचं? की लिंकरचं स्वतःचं? आणि काढून टाकणार म्हणजे काय? एक्झिक्युटेबल स्टॅक देणं बंद होणार, की ही वॉर्निंग बंद होणार, की उद्या बिल्डच होऊ द्यायचा नाही? हे सगळे अर्थ त्या वाक्यात आरामात बसतात. वाक्यातला एकही शब्द खोटा नाही, तरीही वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय मजकुराची गंमत कळणार नाही. स्टॅक ही चालू प्रोग्रॅमची तात्पुरत्या हिशेबाची जागा. तिथे आकडे, पत्ते, अर्धवट उत्तरं ठेवायची असतात. सूचना ठेवून त्या चालवायच्या नसतात. ती जागा चालवण्याजोगी राहिली, तर बाहेरचा कुणी तिथे आपल्या सूचना कोंबून प्रोग्रॅमकडून हवं ते करवून घेऊ शकतो. नोव्हेंबर १९८८मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मचा एक मार्ग हाच होता : ५१२ बाइटांच्या जागेत ५३६ बाइट ओतायचे आणि उतू गेलेल्या मजकुराच्या जोरावर प्रोग्रॅमचा रस्ता बदलायचा. २००३च्या सुमारास एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरांबरोबर मेमरीच्या एखाद्या पानावर ‘इथलं काही चालवायचं नाही’ अशी पाटी लावण्याची सोय आली. पण काही जुन्या करामतींना, उदाहरणार्थ जीसीसी या कंपायलरात एका फंक्शनच्या पोटात दुसरं फंक्शन लिहिण्याच्या सोयीला, कधीकधी स्टॅकवरच थोडा कोड चालवावा लागतो. म्हणून प्रत्येक तुकड्याने आपल्याला हे लागतं की नाही ते सांगावं, असा रिवाज पडला. सांगायची रीत म्हणजे तो ‘.नोट’वाला सेक्शन. त्याच्या आत काहीही नसतं, शून्य बाइट. त्याचं असणं हीच खूण. कंपायलर ती खूण आपणहून ठेवतो. हाताने लिहिलेल्या असेंब्ली फाइलीत मात्र ती लिहिणाऱ्याने ठेवायची. राहिली, तर नेहमीच्या ६४-बिट पीसीवर लिंकर जुन्या जमान्याचा मान राखून धरून चालतो की या फाइलीला चालवण्याजोगा स्टॅक लागत असणार. आणि शेकडो तुकड्यांपैकी एकाने जरी खूण ठेवली नसेल, तरी सगळ्या प्रोग्रॅमचा स्टॅक चालवण्याजोगा होऊन बसतो.

इतक्या मोठ्या कहाणीवरचा इलाज एका ओळीचा आहे. असेंब्ली फाइलीच्या शेवटी तो रिकामा सेक्शन जाहीर करायचा, संपलं. वॉर्निंगमध्ये नेमकं हेच नाही. समजा, ती अशी असती : “अमुक.ओ : या तुकड्याने स्टॅकबद्दल काहीच सांगितलेलं नाही, म्हणून सगळ्या प्रोग्रॅमचा स्टॅक चालवण्याजोगा ठेवला आहे. मूळ फाइल असेंब्लीत असेल तर तिच्या शेवटी ही ओळ घाला”, आणि पुढे ती ओळ. काय दिसलं, त्यावरून लिंकरने काय केलं, आता तुम्ही काय करायचं. मूळ मजकुरात यातलं पहिलं आहे, दुसरं अर्धंमुर्धं आहे, आणि तिसऱ्याच्या जागी भविष्यातल्या आवृत्तीची धमकी आहे.

परिणाम व्हायचा तोच झाला. ही वॉर्निंग बंद करण्याचा पर्यायही लिंकरला दिलेला आहे, आणि शोधणाऱ्याला इलाजाच्या आधी तो सापडतो. कित्येक ठिकाणी तो बिल्डच्या फाइलीत चिकटवला गेला आणि विषय मिटला. स्टॅक होता तसाच चालवण्याजोगा राहिला, फक्त आता त्याबद्दल कुणी बोलेनासं झालं. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या बिल्डमध्येही ही वॉर्निंग आणि तिची एक बहीण उगवली. बहीण असं म्हणे की तुमच्या फाइलीतला एक भाग एकाच वेळी वाचता, लिहिता आणि चालवता येण्याजोगा आहे. कर्नलवाल्यांनी त्याच वर्षी स्टॅक चालवण्याजोगा नको असं लिंकरला थेट बजावून टाकलं आणि बहिणीला गप्प करण्याचा पर्याय लावला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कर्नल स्वतःच्या पानांवरच्या पाट्या बूट होताना स्वतःच लावतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही तक्रार गैरलागू होती. पण त्यांना ती गैरलागू आहे हे ठाऊक होतं. तोच पर्याय तिथून उचलून आपल्या प्रकल्पात डकवणाऱ्या दहाजणांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

सरकारी कचेरीतल्या फळ्यावर नोटीस लागते, तिच्या तळाशी ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ असं लिहिलेलं असतं. संबंधित कोण, हे लावणाऱ्याला पक्कं माहीत असतं. समोर उभ्या असलेल्या माणसाला आपण संबंधित आहोत की नाही तेवढंच कळत नाही. बिल्डच्या हत्यारांचे निम्मे इशारे या जातीचे आहेत. लिहिणारा आपल्या बाजूने प्रामाणिक असतो. त्याने जे पाहिलं ते लिहिलं. पण वाचणारा कोण असेल, त्याच्या हातात काय असेल, त्याने स्वतः लिहिलेल्या कुठल्या ओळीशी या तक्रारीचं नातं आहे, हा विचार त्या क्षणी झालेला नसतो.

मग ऑफिसात एक वाक्य जन्माला येतं. आमच्याकडे एक मुलगी नवीन रुजू झाली होती. पहिलाच पूर्ण बिल्ड तिने लावला आणि पडद्यावर पिवळ्या ओळींची रांग लागली. तिने शेजारच्या दादाला विचारलं, “हे काय म्हणतंय?” त्याने मान न वळवता सांगितलं, “ते येतंच. लक्ष नको देऊस.” “आणि हे खालचं?” “तेही येतंच.” त्या दादालाही कुणीतरी असंच सांगितलेलं होतं, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण ती मुलगी त्या दिवशी जे शिकली, ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही : पिवळी ओळ वाचायची नसते. त्यानंतर त्या रांगेत खरोखरची महत्त्वाची वॉर्निंग आली, तरी ती तिच्या डोळ्यांसमोरून जाणार आणि दिसणार नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण पोराच्या खोटेपणाची म्हणून सांगतो. इथे पोरगं खोटं बोलत नाही. ते खरंच बोलतं, पण कुठला लांडगा, कुणाच्या गोठ्याकडे, हे सांगत नाही.

यावर जालीम उपाय म्हणून काहीजण सगळ्या वॉर्निंगांना एरर मानायला लावतात : एकही आली की बिल्ड थांबलाच पाहिजे. लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी सप्टेंबर २०२१मध्ये कर्नलसाठी हे सरसकट चालू केलं. काही दिवसांतच ते मुख्यतः चाचणी-बिल्डांपुरतं आवरतं घ्यावं लागलं, कारण प्रत्येकाचा कंपायलर वेगळा, आवृत्ती वेगळी, आणि एकाकडे निमूट होणारा बिल्ड दुसऱ्याकडे अडून बसे. शिस्त म्हणून हा उपाय मला आवडतो. पण मजकूर अस्पष्ट असेल तर सक्तीने तो स्पष्ट होत नाही. सक्तीत माणूस वॉर्निंग समजून घेत नाही, ती जाईल असं काहीतरी करतो.

‘ती जाईल असं काहीतरी’ करण्याची किंमत सगळ्यात ठळकपणे दिसली ती डेबियन या लिनक्स प्रणालीत. तिथलं हत्यार बिल्डचं नव्हतं, प्रोग्रॅमच्या मेमरीवर नजर ठेवणारं व्हॅलग्राइंड होतं. पण घराणं एकच. ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीवर ते चालवलं की तक्रार येई : भरलेली नसलेली मेमरी वापरली जातेय. तक्रार अक्षरशः खरी होती. यदृच्छ संख्या बनवणाऱ्या कोडमध्ये मिळेल तो कचरा मुद्दाम ढवळून घेतला जात असे, त्यात न भरलेली मेमरीही आली तर चालत असे. २००६मध्ये डेबियनच्या पॅकेजात, तक्रार थांबावी म्हणून, तिच्याशी संबंधित दोन ओळी काढल्या गेल्या. त्यातली एक ओळ फक्त कचराच नव्हे, तर खरी यदृच्छताही आत घेणारी होती. उरलं काय, तर प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८ प्रकारचा. मे २००८मध्ये लुचियानो बेल्लो यांनी हे उघडकीला आणलं, तोवर डेबियन आणि तिच्यावर बेतलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर बनलेल्या असंख्य किल्ल्या बसल्याजागी ओळखता येण्याजोग्या होत्या. जगभरच्या सर्व्हरांवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. इथे हत्याराने काही चुकीचं सांगितलं नव्हतं. ‘ही मेमरी न भरलेली आहे’ आणि ‘ही ओळ नको आहे’ या दोन विधानांमध्ये जी दरी आहे, ती माणसाने एका ढांगेत ओलांडली. दरी आहे हे मजकुरात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग हत्यारं असं का बोलतात? आळस हे कारण फार कमी वेळा असतं. खालच्या थरातल्या हत्याराला दिसतंच थोडं. लिंकरपर्यंत पोचेस्तोवर तुमच्या प्रोग्रॅमच्या ओळी, टिपा, हेतू सगळं गळून गेलेलं असतं. त्याच्यासमोर नावं, पत्ते आणि बाइटांचे ढीग असतात. सी प्लस प्लस लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी भेटलेली एक ओळ आहे : अमुक क्लासच्या ‘व्हीटेबल’चा संदर्भ सापडत नाही. बिचाऱ्याने व्हीटेबल हा शब्द आयुष्यात टाइप केलेला नसतो. तो कंपायलरचा अंतर्गत तक्ता. क्लासमधल्या एका ठरावीक व्हर्च्युअल फंक्शनचं अंग जिथे लिहिलेलं असेल तिथे कंपायलर तो ठेवतो. ते अंग लिहायचं राहून गेलं, किंवा ती फाइल बिल्डमध्ये घ्यायची राहिली, की तक्ताच जन्माला येत नाही. लिंकरला फक्त तक्ता नाही एवढंच कळतं, म्हणून तो तक्त्याबद्दल बोलतो.

एलएलव्हीएम प्रकल्पातल्या एलएलडी या लिंकरने इथे एक छान गोष्ट केली. न सापडलेल्या नावाची सुरुवात ‘व्हीटेबल’ने होत असेल, तर तो एक ओळ पुढे जोडतो : क्लासच्या मुख्य फंक्शनचं अंग नसल्यामुळे असं झालेलं असू शकतं. सोबत सविस्तर खुलाशाचा पत्ता. लिंकरच्या ज्ञानात यामुळे कणभरही भर पडलेली नाही. त्याला आधी जेवढं दिसत होतं तेवढंच आताही दिसतं. फरक इतकाच की हजारो लोक या ओळीपाशी कशामुळे येतात, हे कुणीतरी मनावर घेतलं आणि ‘असू शकतं’ म्हणायचं धाडस केलं. माझ्या मते हत्याराने अंदाज बांधावाच. मात्र अंदाज आहे हे लपवू नये. छातीठोक चुकीचं सांगणारं हत्यार गप्प बसणाऱ्या हत्यारापेक्षा घातक.

अंदाजही नीट बांधावा लागतो. बिल्डच्या पायऱ्या क्रमाने चालवणाऱ्या ‘मेक’चं उदाहरण यात नमुनेदार आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी हा प्रोग्रॅम १९७६मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिला, आणि त्याच्या फाइलीत आज्ञांच्या ओळी टॅबनेच सुरू झाल्या पाहिजेत हा नियम तेव्हापासून आजतागायत आहे. टॅबऐवजी मोकळ्या जागा पडल्या की मेक म्हणतो, ‘मिसिंग सेपरेटर’, आणि थांबतो. डोळ्यांना टॅब आणि मोकळ्या जागा सारख्याच दिसतात, त्यामुळे नवशिका त्या ओळीकडे बघत बसतो. जीएनयू मेकमध्ये कुणीतरी कणव येऊन मदतीचा मजकूर जोडला : आठ मोकळ्या जागांऐवजी टॅब म्हणायचं होतं का? पण कोड उघडून पाहिला तर ही विचारणा ओळीच्या सुरुवातीला आठ मोकळ्या जागा असल्या तरच होते. आठाची रीत टर्मिनलच्या जमान्यातली. आजचे बहुतेक एडिटर चार किंवा दोन जागा घालतात. म्हणजे ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच नुसतं ‘मिसिंग सेपरेटर’ ऐकावं लागतं. तपासणी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या काळचा वाचक होता. वाचक बदलला, ओळ तिथेच राहिली.

चांगल्या मजकुराचंही एक उदाहरण द्यायला हवं, नाहीतर हा लेख नुसता तक्रारवही होईल. फेब्रुवारी २०१४मध्ये ॲपलच्या सुरक्षित-जोडणीच्या कोडमध्ये एक भोक सापडलं. ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली होती. दुसरी ओळही ‘इफ’च्या ताब्यात असल्यासारखी आत सरकवलेली होती, प्रत्यक्षात ती मोकळी होती, म्हणून पुढची तपासणी कधी व्हायचीच नाही. २०१६मध्ये आलेल्या जीसीसी ६मध्ये अशा फसव्या मांडणीवर वॉर्निंग आली. ती दोन जागा दाखवते. आधी ‘इफ’वर बोट ठेवून म्हणते, याच्या ताब्यात अमुक ओळ येत नाही. मग त्या ओळीवर बोट ठेवून म्हणते, ही मात्र ताब्यात असल्यासारखी मांडली आहे. कंपायलरला मांडणीशी काही देणंघेणं नसतं. मोकळ्या जागा तो केव्हाच फेकून देतो. तरी इथे तो माणसाच्या डोळ्याला काय दिसलं आणि यंत्राला काय कळलं, हे शेजारीशेजारी ठेवतो. मला विचाराल तर वॉर्निंग लिहिण्याची कला एवढ्यातच आहे. तशीच जुनी, आखूड आणि ठणठणीत वॉर्निंग म्हणजे ‘गेट्स’ या फंक्शनची, मॉरिस वर्मने ज्याचा फायदा उठवला तेच हे. ते वापरलं की लिंक करताना सांगितलं जातं : हे धोकादायक आहे, वापरू नये. काय वापरावं हे सांगितलं असतं तर सोन्याहून पिवळं, पण रोख तरी स्वच्छ आहे. २०११च्या सी मानकातून हे फंक्शन काढूनच टाकलं.

मजकूर लांब केला की तो आपोआप सुधारतो, असाही एक समज आहे. कर्नलच्या बिल्डमधलं ‘मॉडपोस्ट’ नावाचं हत्यार त्याला उत्तर आहे. कर्नलमध्ये फक्त बूट होतानाच लागणारा कोड एका वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवतात आणि बूट झाल्यावर ती मेमरी मोकळी करतात. नेहमीच्या एखाद्या फंक्शनने नंतर त्या मोकळ्या झालेल्या कोडला हाक मारली, तर तिथे कोड नसतो, काहीही असू शकतं. मॉडपोस्ट अशा हाका शोधतो. पूर्वी तो प्रत्येक हाकेसाठी परिच्छेदभर बोलत असे : हे फंक्शन, ते फंक्शन, बहुधा याच्यावर खूण नाही किंवा त्याच्यावरची खूण चुकीची आहे. आता तो एका ओळीत सांगतो : इथून, या सेक्शनमधून, बाण, तिथे, त्या सेक्शनमध्ये. दोनदोनशे ओळींच्या लॉगमध्ये मला ही एक ओळच जास्त उपयोगी वाटते. त्या परिच्छेदातला ‘बहुधा’ खरा होता, पण हे किंवा ते, यातलं काय हे वाचणाऱ्यालाच ठरवायचं होतं, मग बोलून मिळवलं काय? सगळ्यात नामी होता तो त्याचा समारोपाचा संदेश : इतक्या गफलती सापडल्या आहेत, तपशील पाहायचा असेल तर अमुक पर्याय चालू करून कर्नल पुन्हा बिल्ड करा. म्हणजे तुमच्याबद्दल मला काहीतरी माहीत आहे, पण सांगणार नाही. अर्धा तास थांबून पुन्हा या.

आमच्या स्वतःच्या कामातही हे करून पाहिलं. बोर्डाच्या फ्लॅशमध्ये मावेल अशी इमेज बांधणारी आमची एक स्क्रिप्ट होती. इमेज मोठी झाली की ती ‘इमेज टू बिग’ म्हणून थांबे. मग ज्याच्या हातून बिल्ड अडला तो उठून कुणाकडे तरी जाई, दोघं मिळून फाइली मोजत, आणि तासाभराने कळे की कुणीतरी डीबगची माहिती काढायची विसरलंय. जीएनयू लिंकर मायक्रोकंट्रोलरच्या बाबतीत याहून शहाणा आहे. फ्लॅश इतक्या बाइटांनी उतू गेली, असा आकडा तो देतो. आकडा मिळाला की माणूस शांत होतो. बाराच बाइट जास्त असतील तर एखादा संदेश आखूड करून भागतं, चाळीस हजार असतील तर काहीतरी मोठं घुसलंय. आम्ही स्क्रिप्टमध्ये आकडा घातला, त्याखाली सगळ्यात मोठ्या पाच फाइलींची नावं घातली, मागच्या यशस्वी बिल्डपेक्षा त्यातली कुठली वाढली ते घातलं, आणि पार्टिशनचा आकार कुठल्या फाइलीत ठरतो तिचा पत्ता. काम दुपारभराचं. त्यानंतर त्या विषयावर कुणी उठून कुणाकडे गेल्याचं मला आठवत नाही. या सुधारणेचं कौतुकही कुणी केलं नाही, कारण न आलेला प्रश्न कुणाच्या नजरेत भरत नाही. वॉर्निंग सुधारण्याचं काम मागे पडतं ते बरंचसं यामुळेच, असं मला वाटतं. नवं फीचर दाखवता येतं. वाचलेला तास दाखवता येत नाही.

दुसरा अडथळा जास्त खरा आहे. जुना मजकूर कितीही वाईट असला, तरी लोक त्याला सरावलेले असतात. त्याचे शब्द शोधून काढणाऱ्या स्क्रिप्टा कुठे कुठे लिहिलेल्या असतात. मजकूर बदलला की त्या आंधळ्या होतात. शिवाय ‘मिसिंग सेपरेटर’ असं शोधलं की त्याचा अर्थ उलगडून सांगणारी ढीगभर पानं आज सापडतात. उद्या मेक अधिक शहाण्या शब्दांत बोलू लागला, तर पहिली काही वर्षं त्या शब्दांवर शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही. रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा घडवणाऱ्यांनी यावर काढलेली तोड मला पटते. तिथे कंपायलरच्या बऱ्याच एररांना एकेक क्रमांक असतो, ई०३८२ यासारखा. २०१६मध्ये त्यांनी एररांचं सगळं रूप बदललं, तरी क्रमांक तेच राहिले. क्रमांक देऊन कंपायलरलाच विचारलं की तो उदाहरणासकट खुलासा छापतो. शब्द बदलायला मोकळीक, ओळख कायम. लिंकर, मेक, असेंब्लर या जुन्या मंडळींना असे क्रमांक आता द्यायचे म्हणजे मोठंच काम, पण निदान नव्याने घातल्या जाणाऱ्या वॉर्निंगांना ते देता येतील.

कर्नलच्या कोडशैलीत एक नियम आहे. ओळीची लांबी मर्यादेत ठेवा, पण वापरणाऱ्याला दिसणारा संदेश कितीही लांब असला तरी तो दोन ओळींत तोडू नका. तोडला तर शोधणाऱ्याला सापडत नाही. शोधणारा म्हणजे तुम्हीआम्ही. या लेखात आलेली बहुतेक हत्यारं खुल्या कोडची आहेत, आणि त्यांचा प्रत्येक इशारा कुठल्यातरी फाइलीत अवतरणचिन्हांत जसाच्या तसा बसलेला आहे. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या वॉर्निंगपायी अर्धा दिवस गेला आणि शेवटी तिचा अर्थ लागला, तर बिल्ड पुढे चालू झाल्यावर लगेच खिडकी बंद करू नका. ती ओळ त्या हत्याराच्या कोडमध्ये शोधा. तुम्ही काय केल्यावर ती आली, कशाने गेली, आणि ती कशी लिहिलेली असती तर तुमचा वेळ वाचला असता, हे तीन-चार वाक्यांत लिहून बदलासकट पाठवा. अर्थ नुकताच लागलेल्या माणसाइतकं चांगलं ते दुसरं कुणी लिहू शकत नाही, आणि आठवडाभराने तुम्हालाही ते तितकं चांगलं लिहिता येणार नाही.